भांडं बदललं, ट्रॅप तसाच

सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसणं जमेना, म्हणून डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या फ्लॅटमधला देशी संडास फोडून कमोड बसवायचं ठरलं. ओळखीतून आलेल्या कंत्राटदाराने ४८ हजार सांगितले: तोडफोड, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, कमोड आणि राडारोडा उचलायचे साडेतीन हजार, सगळं धरून. "ताई, तीन दिवसांत हातात देतो, टेन्शनच घेऊ नका." मी ३० हजार आगाऊ देऊन मोकळी झाले. लेखी काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर एक आकडा आणि पुढे जोडलेले हात.

पहिल्या दिवशी फोडाफोडी झाली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले, संध्याकाळी येऊन बघते तर खड्डा भरून वर टाइल्ससुद्धा बसलेल्या. वॉटरप्रूफिंग कधी केलं विचारलं, तर त्याने कोपऱ्यातले केमिकलचे दोन रिकामे डबे दाखवले. डब्यांच्या तोंडाशी साका वाळून दगड झालेला, नखाने खरवडला तरी निघेना. आज उघडलेला डबा असा दिसत नाही, हे मला तेव्हाच कळत होतं. तरी मान डोलावली आणि उरलेले पैसेही दिले. त्याचा येतो त्याहून जास्त राग मला स्वतःचा येतो.

तीन आठवड्यांत फ्लश गुडगुडायला लागला. पाणी आधी वर चढायचं, मग सावकाश उतरायचं. "नवीन आहे ताई, सेट होईल." दोन महिन्यांनी खालच्या काकूंनी त्यांच्या घरी नेऊन दाखवलं: त्यांच्या बाथरूमच्या छताला पोपडे. त्यानंतर साहेब कायम 'साइटवर'.

दुसऱ्या प्लंबरने कमोड उचलला. खाली जुन्या भांड्याचा ट्रॅप, म्हणजे पाणी धरून वास अडवणारा वाकडा पाइप, जागच्या जागी! कमोडला स्वतःचा ट्रॅप असतोच. खाली आणखी एक ठेवला की दोन्हींच्या मध्ये हवा कोंडते आणि पाणी ओढलंच जात नाही. जुना ट्रॅप काढायचा तर बिडाच्या पाइपाचा सांधा मोकळा करावा लागतो, अर्धा दिवस जातो. ती मेहनत कंत्राटदाराने वाचवली. नवा सांधा गोणपाट कोंबून वर सिमेंट थापून बुजवलेला. कोब्याचा, केमिकलचा पत्ताच नाही.

तुमच्याकडे हे काम निघालं तर खड्डा उघडा असेल त्या दिवशी रजा टाका. जुना ट्रॅप निघालेला डोळ्यांनी बघा, फोटो काढा. वॉटरप्रूफिंग झालं की पाइपाचं तोंड बंद करून ४८ तास पाणी तुंबवून ठेवायला लावा, आणि खालच्यांच्या घरी जाऊन छताला हात लावून या. त्याआधी टाइल बसू द्यायची नाही, आणि निम्म्याहून जास्त पैसेही द्यायचे नाहीत. तो म्हणेल, एवढं कोणी करत नाही. म्हणू दे.

आम्हाला पुन्हा ३६ हजार लागले, काकूंच्या छताचा रंग वेगळा. प्लंबर भराव उपसत होता तेव्हा सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. घमेल्यात मातीबरोबर एक पोपटी तुकडा आला. "अगं, हे तर आपलंच भांडं," त्या म्हणाल्या. साडेतीन हजार घेऊन उचललेला राडारोडा आमच्याच टाइल्सखाली पुरलेला होता.