मदरबोर्ड गेला: जुन्याच सॉकेटचा शोधावा की संचच बदलावा?

बटण दाबलं की पंखा गरगरतो, दोन सेकंदांनी थांबतो, पुन्हा फिरतो, आणि स्क्रीन काळी ती काळीच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मशीन उठतं आणि मग दिवसभर निमूट चालतं. माझा डेस्कटॉप दोन महिने असाच चालला होता. मग मागचे दोन यूएसबी पोर्ट मेले, आठवड्याभरात लॅनचा दिवा विझला आणि मी स्वस्तातला मदरबोर्ड शोधायला बसलो. तेव्हा लक्षात आलं की बोर्ड कुठला घ्यायचा हे आपला प्रोसेसर आणि रॅमच ठरवून बसलेले असतात. आपल्या हातात एवढंच उरतं की त्या दोघांना सांभाळायचं की निरोप द्यायचा.

त्याआधी बोर्डच गेलाय ना, हे बघून घ्या. रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी कडांवर खोडरबर फिरवा आणि एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून बघा. बोर्डावरचा बटणासारखा सीआर२०३२ सेल तीन व्होल्टचा असतो. मीटरवर अडीचच्या आसपास दाखवत असेल तर बदलून टाका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुणाचा तरी चालता एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) तासाभरासाठी मागून आणा आणि लावून बघा. बारा व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत असायला हवी. एसएमपीएस बिघडलेला असेल आणि आपण बोर्ड बदलला, तर नवा बोर्डही त्याच वाटेने जाऊ शकतो.

एवढं करून कॅबिनेट आडवं ठेवा आणि प्रोसेसरच्या शेजारच्या कपॅसिटरांकडे, म्हणजे छोट्या उभ्या डब्यांकडे, बॅटरीच्या उजेडात बघा. चांगल्या कपॅसिटरचं डोकं सपाट असतं, त्यावर बहुधा फुलीसारखी खाच असते. माझ्या बोर्डावर रांगेतल्या पाचांपैकी दोघांची डोकी फुगली होती, आणि एकाच्या खाचेतून तपकिरी, वाळलेला थर बाहेर आला होता. असं दिसलं की निदान झालंच. सोल्डरिंगचा हात असेल त्याने कपॅसिटर बदलून बघावेत, मी त्या वाटेला गेलो नाही. पोर्टही मेलेले असताना ते करण्यात अर्थ नव्हता.

आता कुठल्या प्रोसेसरला कुठला बोर्ड चालतो ते बघू. सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा, आणि एच६१, बी७५ ही बोर्डावरच्या मुख्य चिपची, म्हणजे चिपसेटची, नावं; बोर्ड त्याच नावाने ओळखले जातात. इथे चूक झाली की पुढचं सगळं फुकट जातं.

| प्रोसेसर | सॉकेट | स्वस्तातले बोर्ड | रॅम |
|---|---|---|---|
| इंटेल दुसरी-तिसरी पिढी | ११५५ | एच६१, बी७५ | डीडीआर३ |
| चौथी | ११५० | एच८१, बी८५ | डीडीआर३ |
| सहावी-सातवी | ११५१ | एच११०, बी२५० | बहुधा डीडीआर४ |
| आठवी-नववी | ११५१ | एच३१०, बी३६५ | डीडीआर४ |
| दहावी-अकरावी | १२०० | एच५१० | डीडीआर४ |
| बारावी ते चौदावी | १७०० | एच६१० | डीडीआर४ किंवा डीडीआर५ |
| एएमडी रायझन १००० ते ५००० | एएम४ | ए३२०, बी४५०, ए५२० | डीडीआर४ |

या तक्त्यात तीन खड्डे आहेत. पहिला ११५१चा. सहावी-सातवी आणि आठवी-नववी या दोन्हींच्या सॉकेटचा आकडा एकच, प्रोसेसर खाचेत बसतोही, पण एकाचा बोर्ड दुसऱ्याला चालत नाही. दुसरा १२००चा. एच४१० बोर्ड दहाव्या पिढीपुरता असतो, अकराव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर एच५१०च बघा. तिसरा एएम४चा, आणि तो सगळ्यात फसवा. ए५२० आणि बी५५० हे नवे चिपसेट आहेत म्हणून त्यांच्यावर जुनं सगळं चालेल असं वाटतं. पण रायझन १००० आणि २००० मालिकेला त्यांच्यावर अधिकृत आधार नाही, आणि ३२००जी-३४००जीलाही नाही, कारण ३०००चं नाव लावून आलेल्या त्या दोन चिपा आतून आधीच्या पिढीच्या आहेत. माझ्या धाकट्या भावाकडे ३२००जी आहे. त्याने ए५२० जवळजवळ मागवला होता. मी बोर्डाच्या पानावरची प्रोसेसरची यादी उघडून दाखवली, त्यात त्याची चिप नव्हतीच. ती यादी वाचायला पाच मिनिटं लागतात, आणि बायोसची (मशीन उठवणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) कुठली आवृत्ती हवी तेही तिथेच लिहिलेलं असतं.

म्हणजे वाटा तीन: त्याच सॉकेटचा जुना, वापरलेला बोर्ड, त्याच सॉकेटचा, पण अनोळखी ब्रँडने नव्याने बनवलेला बोर्ड, किंवा बोर्ड, प्रोसेसर, रॅम असा सगळा संच नवा.

वापरलेल्या बोर्डात खर्च सगळ्यात कमी आणि बाकीचं सामान जसंच्या तसं राहतं. मात्र आपला बोर्ड ज्या वयाने गेला, त्याच वयाचा दुसरा आपण आणतोय. त्यामुळे विकणाऱ्याकडून दोन फोटो मागायचे: कपॅसिटरांचा जवळून आणि प्रोसेसर काढलेल्या सॉकेटचा. या इंटेल सॉकेटांच्या पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाही, आणि त्या केसाएवढ्या बारीक असतात. मला आलेला पहिला बोर्ड चालू झाला, डिस्प्लेही आला, पण दोनपैकी एका स्लॉटमधली रॅम काही केल्या दिसेना. रॅम बदलली, स्लॉट साफ केला, बायोस रीसेट केला. शेवटी प्रोसेसर काढून मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. सरळ वरून सगळ्या पिना एकसारख्या दिसत होत्या; तिरक्या उजेडात कडेच्या दोन पिना वाऱ्याने आडव्या झालेल्या ज्वारीच्या ताटांसारख्या शेजारणीवर कललेल्या दिसल्या. रॅमचा एक चॅनेल गायब होण्याचं हे नेहमीचं कारण आहे. विकणाऱ्याने आधी ‘तुमच्याच हातून वाकल्या’ असं म्हणून पाहिलं, मग परत घेतला. बोर्ड हातात आल्यावर प्रोसेसर बसवण्याआधी सॉकेटचा फोटो काढून ठेवायचा, हे मी तेव्हा शिकलो.

एएम४मध्ये पिना प्रोसेसरवर असतात, त्यामुळे सॉकेटची ही भीती नाही. तिथे धोका काढताना. कूलर (प्रोसेसरवरचा पंखा) ओढला की त्याखालच्या वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर चिकटून सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन उठत असेल तर दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हळू फिरवत सोडवा.

दुसरी वाट चकचकीत आहे. एच६१, बी७५, एच८१ असे चिपसेट जुन्या बोर्डांवरून उतरवून नव्या पाटीवर बसवलेले बोर्ड ऑनलाइन सर्रास मिळतात. कपॅसिटर कोरे, पोर्ट कोरे, बऱ्याचदा एम.२ स्लॉटही (नव्या, वेगवान एनव्हीएमई एसएसडीची खाच) दिलेला. तो मोह खरा आहे, कारण त्या काळच्या मूळ बोर्डांचे बायोस एनव्हीएमई एसएसडीवरून सहसा बूट होत नाहीत. पण या बोर्डांच्या मागे बहुधा कुणी उभं नसतं. बायोसचा अपडेट नाही, धड वेबसाइट नाही, प्रोसेसरची यादी नाही. पंखे अनेकदा कायम पूर्ण वेगाने फिरतात आणि स्लीपमध्ये गेलेलं मशीन जागं होईलच असं नाही. दिवसरात्र चालणारं किंवा कामाचा डेटा असलेलं मशीन असेल तर मी हा बोर्ड घेणार नाही. मुलांच्या सरावासाठी, गाणी वाजवायला, असं काही असेल आणि परत करण्याची मुदत नीट लिहून मिळत असेल तर ठीक.

या दोन्ही वाटांवर चिपसेटमधला फरकही बघा. एच६१मध्ये मुळात यूएसबी ३.० नाही आणि साटा (डिस्क जोडायची वाट) ३ गिगाबिटचीच, त्यामुळे साटा एसएसडी निम्म्या वेगावर अडकते. (हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला तीही विमानासारखीच वाटेल, ते सोडा.) त्याच सॉकेटच्या बी७५मध्ये यूएसबी ३.० आहे आणि एक साटा पोर्ट ६ गिगाबिटचा आहे. दोन्ही मिळत असतील तर बी७५ घ्या, दुसरा विचार नको. एच८१मध्ये ६ गिगाबिटचे दोन पोर्ट आहेत, साध्या कामाला पुरेसे.

मोठ्या ब्रँडचा तयार डेस्कटॉप असेल तर थांबा. आत २४ पिनांची नेहमीची वायर आहे का, आधी ते बघा. यातल्या पुष्कळ मशीनमध्ये पॉवरचा कनेक्टर वेगळाच असतो, समोरच्या बटणाच्या वायरी एकाच प्लगमध्ये बांधलेल्या असतात, कधी बोर्डाची भोकंही जुळत नाहीत. तिथे बाजारातला स्वस्त बोर्ड आणला तर त्याच्यापाठोपाठ एसएमपीएस आणि कॅबिनेटही येतं. त्याच मॉडेलचा, त्याच पार्ट नंबरचा वापरलेला बोर्ड शोधणं हाच तिथला शहाणपणा.

तिसरी वाट पूर्ण संचाची. ती महाग, पण एक तारीख ती स्वस्त करते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे मागते टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० व त्यापुढचं. म्हणजे सातव्या पिढीपर्यंतच्या मशीनला नवा बोर्ड दिला तरी ते विंडोजच्या दाराबाहेरच राहतं. लिनक्स चालवणार असाल तर हा मुद्दाच नाही.

संच घ्यायचा तर स्वस्तातल्या दोन जोड्या समोर येतात: ए५२० बोर्डावर रायझन ५ ५६००जी, किंवा एच६१० बोर्डावर आय३-१२१००. ५६००जीला सहा कोर, बारा थ्रेड. १२१००ला चार कोर, आठ थ्रेड. तरी ब्राउझर, एक्सेल, टायपिंग, हिशेबाचं सॉफ्टवेअर यात १२१०० चपळ वाटतो, कारण त्याचा एकेक कोर जास्त वेगवान आहे. व्हिडिओ रेंडर, कोड कंपाइल अशी सगळे कोर राबवणारी कामं असतील, किंवा ग्राफिक्स कार्ड न लावता हलके गेम खेळायचे असतील, तर ५६००जी. पुढे चांगलं ग्राफिक्स कार्ड लावायचा बेत असेल तर पारडं एच६१०कडे झुकतं: त्याचा कार्डाचा स्लॉट नव्या, वेगवान पीसीआयई ४.०चा, ए५२०चा जुन्या ३.०चा. आठ किंवा चारच लेन (स्लॉटमधल्या डेटाच्या वाटा) वापरणाऱ्या स्वस्त कार्डांना हा फरक जाणवतो. मला विचाराल तर ऑफिसच्या कामाला १२१००, बाकीच्यांना ५६००जी.

प्रोसेसरच्या नावाच्या शेपटाकडे नीट बघा. १२१००एफ किंवा नुसता ५६००, ५५०० घेतला (यांच्या आत ग्राफिक्स नसतं) आणि घरात ग्राफिक्स कार्ड नसलं, तर नव्याकोऱ्या बोर्डावरही तीच काळी स्क्रीन. एच६१० तर डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतो; एका बोर्डावर एकच चालते. जवळ डीडीआर४च्या पट्ट्या असतील तर डीडीआर४चा बोर्ड घ्या, रॅमचा खर्च वाचला. रायझनच्या नव्या एएम५ सॉकेटला मात्र डीडीआर५ लागतेच, त्यामुळे तो या बजेटात मी धरलाच नाही. आणि या स्वस्त बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग बेताचा असतो, बहुधा वर हीटसिंकही नसतो. ६५ वॉटच्या प्रोसेसरपलीकडे जाऊ नका.

मशीन अजून अधूनमधून उठत असेल तर ते उठलं असतानाच बॅकअप घ्या आणि बिटलॉकर (डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप) चालू आहे का बघा. असेल तर रिकव्हरी की उतरवून ठेवा, कारण बोर्ड बदलला की टीपीएम बदलतो आणि विंडोज ती की मागते. मशीनबरोबर आलेलं विंडोजचं लायसन्स बोर्डाशी बांधलेलं असतं, तेही हिशेबात धरा. बसवताना कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकतो ते छोटे खांब) बोर्डाच्या भोकांखालीच आहेत ना, ते मोजा. भोक नसलेल्या जागी एखादा राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो.

भावाने वापरलेला बी४५० घेतला, ३२००जी आणि रॅम तीच ठेवली. पुढे बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर ५६००जी चढवता येईल. माझा प्रोसेसर आय५-४४६०, चौथ्या पिढीचा. तिसरी वाट मला दिसत होती, पण त्या मशीनवर टायपिंग आणि हिशेबापलीकडे काही होत नाही. वाकड्या पिनांचा बोर्ड परत गेल्यावर दुसऱ्याकडून त्याच मॉडेलचा एच८१ मिळाला, त्यावर लिनक्स टाकलं, आणि आता पहिल्या दाबणीला उठतं. त्याच मॉडेलचा घेतल्याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. वापरलेल्या बोर्डाबरोबर मागच्या पोर्टांची पत्र्याची पट्टी सहसा येत नाही, मलाही आली नाही. कॅबिनेटला होती तीच बसली.