आठ महिने मॉड वापरल्यावर: घोटाळा 'अविकारका'चा

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची आडत आहे. हिशेबाच्या विकतच्या सॉफ्टवेअरचे नूतनीकरण परवडेनासे झाले, तेव्हा ते मी बंद केले आणि पट्ट्यांची, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदांची, पडताळणी मॉडमध्ये (Maude: दिलेल्या नियमांनुसार एका मांडणीच्या जागी दुसरी लिहीत जाणारी संगणकीय भाषा) लिहून काढली. मॉड मोफत आहे आणि आठ महिन्यांत त्यावर माझा एक रुपयाही खर्च झालेला नाही, हे आधी नोंदवतो.

पोती कोणत्याही क्रमाने रचली तरी थप्पी तीच राहते. मात्र 'क्ष य' च्या जागी 'य क्ष' लिहावे असा नियम केला, तर तो स्वतःवरच अखंड फिरत राहतो. समीकरणांचे एकदिशी नियम बनवण्याची क्नुथ आणि बेंडिक्स यांची 1970 ची रीत याच जागी अडते. मॉडमध्ये साहचर्य (कंस कुठेही घातले तरी फरक न पडणे) आणि क्रमनिरपेक्षता (क्रम बदलला तरी फरक न पडणे) चिन्हाच्या घोषणेतच सांगता येतात आणि पुढची जुळणी ती समीकरणे धरूनच होते. 'फाटके पोते आणि नवे बारदान मिळून चांगले पोते' असा एकच नियम मी लिहिला. थप्पीत ती दोन्ही एकमेकांपासून कितीही दूर असली तरी तो लागू पडतो. अशी जुळणी सर्वसाधारण रूपात एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे ती दरवेळी झटपट करण्याची रीत कोणाला माहीत नाही, तरी माझ्या कामात ती कधी रेंगाळली नाही.

सातव्या महिन्यात मात्र पट्ट्या तयार करण्याच्या ऐन वेळी सगळे ठप्प झाले. रिकामी थप्पीही मांडता यावी म्हणून मी आदल्या रात्री घोषणेत 'रिक्त' हा अविकारक घटक, म्हणजे कशातही मिळवला तरी काहीच न बदलणारा, जोडला होता. माझा जुना नियम असा होता: वजन(क्ष य) = वजन(क्ष) + वजन(य). आता एकटे पोतेही 'रिक्त आणि ते पोते' असे वाचले जाऊ लागले, म्हणजे त्याच्या वजनासाठी पुन्हा त्याचेच वजन काढणे आले. लॅपटॉपची मेमरी भरत गेली आणि शेवटी मला काम मध्येच तोडावे लागले. नियम थांबणारे आहेत की नाहीत हे मॉड फाइल वाचताना तपासत नाही. हा प्रश्न सर्वसाधारणपणे अनिर्णेय आहे, म्हणजे त्याचे उत्तर दरवेळी देणारा प्रोग्राम असूच शकत नाही, हे मला मान्य आहे, पण अविकारक जोडताक्षणी एक ओळीची सूचना मिळायला हवी होती, ही माझी तक्रार आजही कायम आहे. 'क्ष' म्हणजे एकच पोते असे बंधन घालून रिक्त थप्पीचे वजन शून्य असे वेगळे लिहिले आणि काम सुरळीत झाले.

त्याच रागात मी अविकारक काढून टाकणार होतो. पण दोन शेतकऱ्यांचा माल दोन व्यापाऱ्यांत कसा वाटला गेला, म्हणजे क्ष + य = प + फ, हे एकीकरण करून (दोन्ही बाजू सारख्या होतील अशा किमती शोधून) पाहिले, तेव्हा अविकारकाशिवाय सात सर्वसाधारण उत्तरे आली आणि अविकारकासह एकच. कोणत्या व्यापाऱ्याने कोणाचा माल घेतलाच नाही, याचे सगळे प्रकार त्या एका उत्तरात 'रिक्त' म्हणून सामावतात. म्हणून अविकारक ठेवला आहे. मात्र घोषणेत तो जोडला की वजनाचा प्रत्येक नियम हाताने पुन्हा तपासतो.