जीटी ७३० आणि लिनक्स: अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या डेस्कटॉपमध्ये इंटेलचा आय५-१२४००एफ हा प्रोसेसर आहे. नावाच्या शेवटी ‘एफ’ असला की प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते, त्यामुळे मॉनिटरवर साधे अक्षर उमटायलाही वेगळे कार्ड बसवावे लागते. मला खेळ खेळायचे नव्हते. एका मॉनिटरवर स्क्रायबस या पानरचनेच्या प्रोग्रॅममध्ये पानांची जुळणी आणि दुसऱ्यावर मुद्रितशोधनाची प्रत एवढीच गरज असल्यामुळे जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या तपकीर गल्लीतील एका दुकानातून एनव्हिडियाचे जीफोर्स जीटी ७३० हे कार्ड घेतले. ते स्वस्त होते, त्याला पंखा नव्हता आणि वीजपुरवठ्याची वेगळी वायरही जोडावी लागत नव्हती. संगणकावर लिनक्स मिंट २२.१ ही कार्यप्रणाली होती.

हे कार्ड घेऊ इच्छिणाऱ्याने पहिल्यांदा एक गोष्ट समजून घ्यावी. जीटी ७३० या एकाच नावाखाली २०१४ मध्ये तीन वेगळी कार्डे बाजारात आली. त्यांपैकी एकात फर्मी पिढीची जीएफ१०८ ही चिप असून तिच्यात ९६ कोअर आहेत. उरलेल्या दोहोंत केप्लर पिढीची जीके२०८ ही चिप असून तिच्यात ३८४ कोअर आहेत आणि त्या दोन कार्डांत फरक आहे तो मेमरीचा, म्हणजे एकात डीडीआर३ आणि दुसऱ्यात जीडीडीआर५. गंमत अशी की फर्मीच्या खोक्यावर ‘१२८ बिट’ असे छापलेले असते आणि केप्लरच्या खोक्यावर ‘६४ बिट’, त्यामुळे गिऱ्हाईक मोठा आकडा पाहून नेमकी जुनी चिप उचलते. मीही तेच केले. घरी येऊन एलएसपीसीआय ही जोडलेल्या भागांची यादी दाखवणारी आज्ञा चालवल्यावर जीएफ१०८ हे नाव दिसले, तेव्हा दुसऱ्या दिवशी परत जाऊन जीडीडीआर५चे ६४ बिटचे कार्ड बदलून आणले. दुकानदाराने कुरकुर न करता ते बदलून दिले. दोन्ही कार्डांचे नाव एकच असताना फरक कसला, हे मात्र त्याला शेवटपर्यंत पटले नाही.

लिनक्सवर हा फरक कळीचा ठरतो. फर्मीसाठी एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, शेवटची मालिका ३९० होती आणि ती २०२२ अखेर थांबली. केप्लरसाठीची शेवटची मालिका ४७० आहे. तिची सुरक्षाविषयक दुरुस्तीही सप्टेंबर २०२४ पर्यंतच होणार, असे कंपनीने आधीच जाहीर केले होते. म्हणजे मी नवेकोरे म्हणून विकत घेतलेल्या कार्डाचा अधिकृत सपोर्ट मी पैसे मोजण्याच्या चार महिने आधीच संपलेला होता.

तरीही सुरुवात ४७०नेच केली आणि ती चुकीच्या पद्धतीने केली. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये ही मालिका एका क्लिकवर मिळत होती. पण जुन्या सवयीने मी कंपनीच्या संकेतस्थळावरून ४७०.२५६.०२ ची इन्स्टॉलर फाइल उतरवून हाताने बसवली. त्या फाइलने विचारल्यावर नुव्हो हा खुला ड्रायव्हर बंद करायला होकार दिला, आणि मॉड्यूलवर (कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जोडल्या जाणाऱ्या ड्रायव्हरच्या भागावर) सही करण्याची कटकट नको म्हणून बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूटही (फक्त सही असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) बंद केले. कर्नल ६.८ वर सर्व काही उत्तम चालले. दोन्ही मॉनिटर पूर्ण रिझोल्यूशनला सुरू झाले, खिडक्या सरकवताना कुठे अडखळल्या नाहीत आणि कार्डही थंड राहिले, कारण हा ड्रायव्हर कामाच्या भाराप्रमाणे चिपचा वेग स्वतः कमीजास्त करतो.

मार्चमध्ये मी अपडेट मॅनेजरमधून कर्नल ६.११ घेतले. नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधण्याचे काम डीकेएमएसचे असते; त्याने ते बांधायला घेतले आणि मध्येच मान टाकली. कर्नलच्या आतील रचना प्रत्येक आवृत्तीत थोडीफार बदलते आणि बाहेरून येणाऱ्या मॉड्यूलला त्याप्रमाणे बदलावे लागते. जून २०२४ मध्ये आलेल्या ड्रायव्हरला त्यानंतरच्या कर्नलची माहिती असण्याचे कारण नव्हते. शिवाय नुव्हो मीच बंद करून ठेवलेला असल्यामुळे कार्ड चालवायला कोणीच उरले नाही. एक मॉनिटर काळा पडला, दुसऱ्यावर १०२४ बाय ७६८ चे फुगलेले चित्र आले, आणि सिनॅमन या मिंटच्या डेस्कटॉपने ‘हार्डवेअर प्रवेगाविना चालत आहे’ अशा अर्थाची सूचना कोपऱ्यात झळकवली. जुने कर्नल निवडून त्या दिवसाचे काम भागवले. या बिघाडाचा दोष माझाच होता; वितरणातील, म्हणजे मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधले, पॅकेज घेतले असते, तर नव्या कर्नलसाठीचे ठिगळ त्यात मिळाले असते. पण ठिगळे लावत किती दिवस चालायचे, हा विचार तेव्हापासून मनात सुरू झाला.

त्यातूनच नुव्होकडे वळलो. नुव्हो म्हणजे फ्रेंचमध्ये ‘नवा’. कंपनीकडून कागदपत्रे न मिळता, कार्डाचे वर्तन बाहेरून तपासून लिहिलेला हा ड्रायव्हर २०१० मध्ये कर्नल २.६.३३ मध्ये दाखल झाला आणि तेव्हापासून तो कर्नलचाच भाग आहे. त्यामुळे कर्नल बदलले तरी तो बरोबर येतो आणि काही बांधावे लागत नाही. मात्र आधी घर साफ करावे लागते. इन्स्टॉलरसोबत आलेली काढून टाकण्याची आज्ञा चालवल्यावरही मॉडप्रोबच्या (मॉड्यूल चढवणाऱ्या आज्ञेच्या) फोल्डरमध्ये नुव्होला बंदी घालणारी एक फाइल मागे राहिली होती. ती पुसून इनिटरॅमएफएस (बूट होताना लागणारी सुरुवातीची फाइल-व्यवस्था) पुन्हा तयार केल्यावरच दोन्ही मॉनिटर उजळले. माझी एक संध्याकाळ त्या एका फाइलपायी गेली.

पहिले दोन दिवस वापर निराशाजनक होता. खिडकी ओढली की ती रबरासारखी मागे राहायची आणि पीडीएफची पाने सरकवताना चित्र फाटायचे. पुष्कळ जण नेमके इथे थांबून नुव्होला नावे ठेवतात, म्हणून हा भाग सविस्तर लिहितो. नुव्हो केप्लर चिपचा वेग आपोआप वाढवत नाही. संगणक सुरू होताना कार्ड ज्या वेगावर असते, त्याच वेगावर ते राहते. कर्नलच्या डिबग फाइल-व्यवस्थेत डीआरआय या नावाखाली पीस्टेट नावाची एक फाइल असते आणि तिच्यात कार्डाच्या वेगाच्या पायऱ्या दिसतात. माझ्याकडे ०७ या पायरीवर मेमरी ८१० मेगाहर्ट्झला होती आणि ०एफ या पायरीवर ५०१० ला. कार्ड ०७ वर अडकलेले होते, म्हणजे मेमरी तिच्या क्षमतेच्या सहाव्या हिश्श्याने चालत होती. चौसष्ट बिटच्या अरुंद वाटेने दोन मॉनिटरांचे चित्र सहाव्या हिश्श्याच्या वेगाने न्यायचे म्हटल्यावर ते अडखळणारच.

रूट, म्हणजे प्रशासकाच्या, अधिकाराने त्या फाइलमध्ये ०एफ लिहिले की पडदा क्षणभर लुकलुकतो आणि कार्ड वरच्या पायरीवर जाते. सात-आठ प्रयत्नांत एकदा संगणक गोठला; बाकी वेळा काही झाले नाही. वेग वाढल्यावरचा फरक सांगायला मोजपट्टी लागत नाही, कारण खिडक्या लगेच हाताबरोबर सरकू लागल्या. ही सोय टेस्ला पिढीतील काही जुन्या चिपा, केप्लर आणि पहिल्या पिढीचे मॅक्सवेल यांच्यापुरतीच आहे, हे ध्यानात ठेवावे. त्यानंतरच्या चिपा वेग बदलण्यासाठी कंपनीच्या सहीचे फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) मागतात, त्यामुळे जीटीएक्स ९६० किंवा १०५० सारखी याहून नवी कार्डे नुव्होवर याहून हळू वाटू शकतात. म्हातारे कार्ड घेण्याचा असाही एक फायदा.

आता बाहेरचे मॉड्यूल नसल्यामुळे सिक्युअर बूट पुन्हा सुरू केले, आणि दुसऱ्या दिवशी पीस्टेट फाइल उघडेनाशी झाली. रूट असूनही ‘परवानगी नाही’ हेच उत्तर येत होते. सिक्युअर बूट चालू असले की या कर्नलमध्ये लॉकडाउन ही संरक्षक बंदी लागू होते आणि त्यात डिबग फाइल-व्यवस्थेतील लिहिता येण्याजोग्या फाइलींना कुलूप लागते, हे कळायला मला बराच वेळ लागला. उपाय असा आहे की वेगाची पायरी कर्नलला सुरू होतानाच सांगायची. ग्रब या बूट-प्रोग्रॅमच्या ओळीत नुव्होच्या कॉन्फिग पॅरामीटरला एनव्ही-सीएलके-मोड या नावाने ती देता येते. फक्त तिथे ०एफ हा षोडशमान आकडा चालत नाही, त्याऐवजी दशमान १५ लिहावा लागतो. मी आधी ०एफ लिहून ‘काहीच होत नाही’ म्हणून वैतागलो होतो. हा बदल कायमचा करण्यापूर्वी पीस्टेट फाइलमधून काही दिवस चाचणी घ्यावी, कारण एखादे कार्ड वरच्या पायरीवर गोठत असेल, तर बूट होतानाच ते गोठेल आणि ग्रबच्या पडद्यावर जाऊन ती ओळ खोडावी लागेल.

एप्रिलपासून ही मांडणी बदललेली नाही. स्क्रायबस, इंकस्केप, लिबरऑफिस आणि फायरफॉक्स ही माझी रोजची कामे आणि त्यांत ४७० व नुव्हो यांच्यात फरक जाणवत नाही. या काळात कर्नलचे जितके अपडेट आले, तितके घेतले आणि त्यांतील एकालाही कार्डाने अडवले नाही. वेलँड या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेचे सत्रही गंमत म्हणून चालवून पाहिले आणि ते चालले. जीबीएम ही वेलँडला लागणारी सोय एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये ४९५ व्या मालिकेपासून आली, त्यामुळे ४७० वर तो मार्ग जवळपास बंदच होता. डेस्कटॉप हळूहळू एक्स११ ही जुनी व्यवस्था सोडून चालले आहेत, हे पाहता ही गोष्ट पुढे अधिक महत्त्वाची ठरेल.

खेळांबाबत ४७० निश्चितच वेगवान आहे. सुपरटक्सकार्ट त्यावर वरच्या दर्जाला चालत असे, आता मधल्या दर्जाला चालतो. परंतु ४७० वर या कार्डाला व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालीची १.२ आवृत्ती मिळते आणि विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या डीएक्सव्हीकेला २.० आवृत्तीपासून व्हल्कन १.३ लागते, त्यामुळे तो जादा वेग वापरायला जागाच थोडी उरते. ब्लेंडर (त्रिमितीय चित्रांचा प्रोग्रॅम) किंवा कूडा (कार्डावर गणिते चालवण्याची एनव्हिडियाची प्रणाली) लागणाऱ्यांनी या कार्डाचा नादच सोडावा.

चित्रफितींचे दुखणे मात्र खरे आहे. केप्लरमध्ये व्हीपी९ किंवा एव्ही१ या व्हिडिओ-प्रकारांना उलगडणारे हार्डवेअर नाही. एच.२६४ साठीचे आहे, पण नुव्होवर ते वापरायचे तर कंपनीच्या जुन्या ड्रायव्हरमधून फर्मवेअर काढून घ्यावे लागते. मी त्या फंदात पडलो नाही, कारण सहा कोअरचा प्रोसेसर १०८० चे व्हिडिओ सहज पेलतो. दुबळा प्रोसेसर असलेल्यांना हे जड जाईल. क्रोमियमने माझ्याकडे नुव्होवर ग्राफिक्स प्रवेग बंदच ठेवला, म्हणून फायरफॉक्स वापरतो.

उष्णतेचे गणितही पाहावे लागते. १५ ही पायरी बूटपासून पक्की केली, की रिकाम्या वेळीही कार्ड त्याच वेगावर राहते आणि लॉकडाउनमुळे ते मधेच खाली आणता येत नाही. मे महिन्यात दुपारी सेन्सर्स या आज्ञेने ७१ अंश दाखवले आणि हीटसिंकवर बोट टेकवत नव्हते. कॅबिनेटच्या बाजूच्या जाळीवर ८० मिलिमीटरचा जुना पंखा बसवल्यावर ते ५८ वर आले. पंखा नसलेले कार्ड शांततेसाठी घेतले होते. आता तो पंखा घरघरतो.

एक दोष अजून सुटलेला नाही. संगणक झोपवून पुन्हा उठवला, की आठवड्यातून एखाद्या वेळी डीव्हीआयवरचा दुसरा मॉनिटर जागा होत नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून टर्मिनलवर जायचे आणि एफ७ ने परत यायचे, की तो येतो. ४७० वर हे एकदाही झाले नव्हते.