फ्लॅश अपडेटच्या नावाखाली मामाला 38 हजारांना गंडवलं, घरी कॉम्प्युटर असणाऱ्यांनी जरूर वाचा

मामाचा वेंगुर्ल्याजवळ छोटासा काजूचा कारखाना आहे, त्याचा सगळा हिशोब घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर असतो आणि रात्री लाईट असेल तर त्यावरच दशावतार बघत बसायचं हा त्याचा ठरलेला कार्यक्रम. जुने प्रयोग शोधत शोधत तो कुठल्यातरी भलत्याच साईटवर गेला, तिथे व्हिडिओच्या जागी काळा चौकोन आणि त्यावर 'तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झालाय, अपडेट करा' असं बटण, लाल लोगो अगदी खऱ्यासारखा. (फ्लॅश प्लेअर म्हणजे पूर्वी ब्राउझरमध्ये व्हिडिओ, गेम चालवणारं जोड-सॉफ्टवेअर.) दाबलं, फाईल आली, पब्लिशर अज्ञात आहे तरी चालवू का असं विंडोजने विचारलंसुद्धा, तर येस. मग क्रोममध्ये एक एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाकायला सांगितलं, त्यालाही येस. दशावतार काय दिसला नाहीच.

आता यातली ग्यानबाची मेख अशी की फ्लॅश प्लेअरच आता शिल्लक नाही. तो बनवणाऱ्या अडोबी कंपनीने 31 डिसेंबर 2020 ला त्याचा सपोर्ट बंद केला आणि 12 जानेवारी 2021 पासून त्यात काही चालणंही ब्लॉक केलं. मग अपडेट येणार कुठून? मेलेल्या माणसाच्या नावावर रेशन उचलतात ना, तसला प्रकार. जावाचे वगैरे असलेच जुने प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) क्रोमने 2015 सालीच काढून टाकले, फायरफॉक्सने 2017 ला, मायक्रोसॉफ्टचं तसलंच सिल्व्हरलाईटही 2021 मध्ये संपलं. व्हिडिओ, पीडीएफ हे सगळं आता ब्राउझर स्वतःच उघडतो. पण एके काळी फ्लॅश खरोखरच सारखा अपडेट मागायचा आणि तेव्हा सगळेच डोळे झाकून येस करायचे, ती सवय लोकांच्या हातात राहिलीय आणि हे चोर नेमकी तीच पकडतात. मामाला कोणी अडाणी म्हणू नका, जीएसटी तो स्वतः भरतो.

पुढे काही दिवस नुसत्या जाहिराती उघडत होत्या, त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मग एका दुपारी मामीचा मला फोन, "अरे तो कॉम्प्युटर आराडता हा, बंदच होणा नाय!" मी ऑफिसात मीटिंगमध्ये, फोन उचलला नाही, नंतर व्हॉइस मेसेज ऐकला तेव्हा मागे भोंगा वाजतोय आणि मामा कुणाशी तरी हिंदीत बोलतोय एवढं कळलं. स्क्रीनभर लाल वॉर्निंग, व्हायरस आलाय, बँकेची माहिती चोरीला जातेय, ताबडतोब या नंबरवर फोन करा. मामाने केला.

समोरचा माणूस एकदम गोड बोलणारा. त्याने लांबून स्क्रीन बघायचं सॉफ्टवेअर टाकायला लावलं आणि इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची स्वतःची नोंदवही) उघडून दाखवला, त्यात लाल-पिवळ्या खुणांच्या ओळीच ओळी. हे बघा सगळे व्हायरस, म्हणाला. अहो, त्या खुणा प्रत्येक विंडोज मशीनमध्ये असतात, काल घेतलेल्या लॅपटॉपमध्येसुद्धा सापडतील, पण बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो हे खरं. मग सिक्युरिटीची फी थोडीशीच, नेट बँकिंगने भरा म्हणाला, मध्येच स्क्रीन काळी केली आणि मोबाईलवर आलेला नंबर 'व्हेरिफिकेशनसाठी' विचारून घेतला. बागायतदारांना काजू बीचे पैसे द्यायला ठेवलेले 38 हजार गेले.

मायक्रोसॉफ्ट आपल्या एरर मेसेजमध्ये कधीही फोन नंबर देत नाही, हे छापून मॉनिटरला चिकटवा. तसला भोंगा वाजायला लागला तर एस्केप दाबून धरा, नाहीच हटला तर कंट्रोल शिफ्ट एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर मारा, तेही जमलं नाही तर बटण दाबून मशीन बंद करा, काही होत नाही. आणि पैसे गेलेच तर रडत न बसता लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. आम्ही संध्याकाळी केला, तोवर बरीचशी रक्कम पुढच्या खात्यात गेली होती, थोडे पैसे होल्ड झालेत.

खरं अपडेट करायचं तर कुठल्याही वेबपेजवरच्या बटणाला हात लावायचा नाही. क्रोममध्ये वरच्या तीन टिंबांत हेल्प, त्यात अबाउट गुगल क्रोम, ते उघडलं की तो स्वतःच तपासतो. एक्स्टेंशन तर आपोआपच अपडेट होत असतात, घाई असेल तर एक्स्टेंशनच्या पानावर डेव्हलपर मोड चालू केलात की अपडेटचं बटण दिसतं. फायरफॉक्सला ॲड-ऑन्सच्या पानावर दातेरी चाकाच्या खुणेत 'चेक फॉर अपडेट्स' आहे.

यावर कडी म्हणजे दुकानवाल्याला बोलावून मशीन फॉरमॅट करून घेतली, त्याने पैसे घेतले, हिशोबाचा बॅकअप न विचारताच सगळं उडवलं (त्याच्यावर वेगळं लिहावं लागेल), मामाने क्रोममध्ये आपल्या जीमेलने लॉगिन केलं आणि ये रे माझ्या मागल्या, तेच एक्स्टेंशन पुन्हा हजर! क्रोमचं सिंक (खात्यात साठवलेलं सगळं लॉगिन केल्यावर परत आणणारी सोय) एक्स्टेंशनही परत आणून बसवतं, त्यामुळे फॉरमॅटच्या आधी ते हाताने रिमूव्ह करा, साईट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनला परवानगी दिलेल्या अनोळखी साईट काढा, आणि बँकेचे, जीमेलचे पासवर्ड त्या मशीनवरून नाही तर दुसऱ्या फोनवरून बदला.