मेबेलिन फिट मी : छटा जुळली की काम झाले

मेबेलिनचे ‘फिट मी मॅट अँड पोअरलेस’ हे फाउंडेशन तेलकट त्वचेसाठी आहे आणि मुंबईच्या दमट हवेतही ते माझ्या चेहऱ्यावर दुपारपर्यंत नीट टिकते. पहिल्यांदा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली, तेही मनगटावर लावून, मी १२८ क्रमांकाची वॉर्म न्यूड ही छटा निवडली होती. घरी आल्यावर चेहरा राख फासल्यासारखा दिसला. चूक माझीच. दुसऱ्या वेळी जबड्याच्या कडेला लावून, उजेडात येऊन, ते वाळेपर्यंत दहा मिनिटे थांबल्यावर २३० क्रमांकाची नॅचरल बफ मानेच्या रंगाशी बेमालूम मिसळली. मॉइश्चरायझर मुरल्यावर ओल्या स्पंजने थोपटत लावावे, चोळू नये. कोरड्या त्वचेवर मात्र अशा मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, फाउंडेशनचे पापुद्रे दिसतात.