14 फुटी सॅल्मन रॉड, सोलापूरचं ऊन आणि 20 महिने

हिप्परग्याच्या तलावावर हा रॉड पहिल्यांदा जोडला, तो डिसेंबर होता. बाभळीखाली बसलेला एक पोरगा वर बघत म्हणाला, “काय ओ मामा, नंदीध्वजाचा सराव चालू केला काय?” उंच नंदीध्वज मिरवायची आमची गड्ड्याची जत्रा महिन्यावर आली होती, त्यामुळे शंका रास्तच.

रॉड 14 फुटांचा, फ्लाय म्हणजे पिसांचं नकली आमिष टाकून मासे धरण्याचा, दोन हातांनी फेकायचा, चार तुकड्यांचा, 9/10 नंबरचा. मुलगी-जावई नॉर्वेत ट्रोंडहाइमला असतात. जावई जवळच्या गौला नदीवर सॅल्मन माशाच्या मागे असतो. “बाबा, जुलैत या, पण हात बसवून या,” असं त्याचं निमंत्रण. म्हणून 2022 च्या नोव्हेंबरात सामान आलं आणि आज 20 महिने झाले. त्यात नॉर्वेचे दिवस फक्त पाच, बाकी सगळं सोलापूर.

पहिली चूक नंबरात झाली. 34 वर्षं सुताच्या धंद्यात काढली, काउंट म्हटला की बोटं आपोआप धागा चाचपतात. 840 यार्डांची एक लडी, अशा जितक्या लड्या एका पौंडात बसतील तितका काउंट. म्हणून 40 चं सूत 20 पेक्षा बारीक. फ्लायच्या लाइनीत उलटं आहे: आकडा वाढला की लाइन जड. आणि ट्राउटवाले टोकाला जो बारीक टिपेट बांधतात, त्याच्या ‘एक्स’ला पुन्हा आमच्या सुताचाच नियम, आकडा मोठा तर दोरा बारीक. एकाच दोरीच्या दोन टोकांना दोन उलटे हिशेब!

रॉडवरचा 9 हा मुळात लाइनीचा आकडा आहे, हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे पैसे वाचले असते. आपल्या गळाला शिसं ओढून नेतं. फ्लाय म्हणजे केस आणि पिसं, तिला वजनच नाही, म्हणून इथे लाइन हेच शिसं. एकहाती 9 नंबरच्या लाइनीचे पहिले 30 फूट 240 ग्रेन भरतात. ग्रेन डोक्यात बसेना, तेव्हा सोनाराच्या हिशेबावर आणलं: 180 ग्रेनचा तोळा, म्हणजे एक तोळा चार मासे. (पहिल्या सहा महिन्यांत निदान तेवढे चार तरी लागायला हवे होते.)

पण दोनहाती रॉडला त्याच आकड्याची लाइन दुपटीहून जड लागते. मला हे माहीत नव्हतं. ऑनलाइन दुकानातून एकहाती 9 ची लाइन मागवली आणि ती ओल्या पंच्यासारखी पायापाशी पडत राहिली. तीन आठवडे मी रॉडला शिव्या घातल्या. शेवटी जावयाला व्हिडिओ पाठवला. “बाबा, रॉडला काही झालेलं नाही. 38 ग्रॅमचं हेड पाठवतो, ते लावून बघा.” हेड म्हणजे लाइनीचा पुढचा जड भाग, आणि 38 ग्रॅम म्हणजे सव्वातीन तोळे. ते लावल्यावर तोच रॉड मुळापर्यंत वाकला आणि लाइन तलावावर सरळ गेली. तेव्हा कुणी विचारलं की रॉड कुठला घेऊ, तर मी आधी विचारतो, लाइन कुठली टाकणार आहात?

दोनहाती घेण्याचं मुख्य कारण हिप्परग्यावर लगेच पटतं. पाठीमागे सगळी वेडी बाभूळ. एकहाती रॉडने लाइन मागे भिरकावली की दर दुसऱ्या फेकीला काट्यातून सोडवत बसायचं. दोनहातीच्या स्पे पद्धतीत लाइन मागे पूर्ण जातच नाही. तिचं टोक पाण्याला चिकटलेलं राहतं, पाठीशी फक्त एक फुगा तयार होतो आणि त्याच्या ताणावर ती पुढे सुटते. हे तंत्र स्कॉटलंडच्या स्पे नदीच्या नावाने ओळखलं जातं, तिथेही काठाला झाडीच आहे. सराव बिनगळाचा करायचा, टोकाला लोकरीचा झुपका बांधून. माझा झुपका चादरीच्या मागावरच्या वाया गेलेल्या सुताचा होता, लालभडक. तलावावर जाळं टाकणारे एक काका रोज बघायचे. एकदा न राहवून म्हणाले, “मामा, लई झ्याक फेकताव, पण ह्याला मासा कसा लागंल?”

आता तक्रारी. थंड पाण्यासाठी बनवलेल्या लाइनीचं वरचं आवरण मऊ असतं, नाहीतर नॉर्वेच्या पाण्यात तिला कडक वेटोळी पडतात. एप्रिलमध्ये मी रीळ गाडीच्या डिकीत विसरलो. बाहेर 42 अंश, आत किती ते विचारू नका. संध्याकाळी लाइन शिजलेल्या शेवयांसारखी झाली होती आणि रिळावर एकमेकींना चिकटली होती. साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, पुसून बरीचशी वाचली. तरी गरम दिवसात ती रॉडच्या कड्यांमधून अडखळतच जाते. उष्ण प्रदेशासाठी कडक आवरणाच्या लाइनी निघतात. सोलापुरात सराव करणाऱ्याने त्यातली एक स्वस्तातली घ्यावी आणि चांगलं हेड प्रवासापर्यंत कपाटात ठेवावं.

दुसरी गोष्ट सांध्यांची. स्पे फेकीत रॉडला पीळ बसतो आणि तुकडे हळूहळू सैल होतात. तिसऱ्या महिन्यात माझा शेंड्याचा तुकडा लाइनीवरून घसरत थेट तलावात गेला. लाइनीला फ्लाय असती तर तिथे अडला असता, पण झुपकाही निघून गेला होता. काकांनी पायाने चाचपून काढून दिला. तेव्हापासून प्रत्येक सांध्याला इलेक्ट्रिकची चिकटपट्टी. आणि हो, रॉड कार्बनचा आहे, त्यातून वीज वाहते. शेतातल्या तारांखाली किंवा वळवाचे ढग आले की तो आडवा करून निघायचं.

रिळावर बहुतेक लोक जास्त खर्च करतात. मोठ्या सॅल्मनला मात्र तिथे कंजुषी नको. हेड आणि त्यामागची बारीक रनिंग लाइन यांच्या मागे किमान 150 मीटर बॅकिंग, म्हणजे राखीव दोरा, बसायला हवं आणि ब्रेक झटका न देता सुटायला हवा. माझं पहिलं रीळ स्वस्तातलं. वाळूचा एक कण गेला आणि ब्रेक कधी घट्ट, कधी मोकळा होऊ लागला. ते बदललं, बरं झालं.

कारण गौलावर चौथ्या दिवशी संध्याकाळी ते झालं. नदीत चढणारा सॅल्मन खात नाही, तरी फ्लायला तोंड लावतो. का, याचं एक उत्तर जावयाकडे आहे, दुसरं नदीकाठच्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे. लाइन आडवी टाकायची, प्रवाह ती कमानीत फिरवतो, आपण काही करायचं नाही. लागला तरी हिसका द्यायचा नाही, मासा वळून स्वतः अडकतो. आयुष्यभर चिलापीला हिसका दिलेल्या माणसाला हे अशक्य वाटतं. दोन दिवसांपूर्वी मी असाच एक घालवला होता. या वेळी हात आवरले. मासा प्रवाहासोबत खाली निघाला, हेड गेलं, रनिंग लाइन गेली, पांढरं बॅकिंग दिसायला लागलं, मग गळ सुटला. किती मोठा होता मी सांगणार नाही, जावई सांगतो ते दर वेळी वाढतं. शेवटच्या दिवशी अडीच किलोचा एक मिळाला. रॉडला त्याचं विशेष वाटलं नाही, मला वाटलं.

त्यामुळे उजनी किंवा हिप्परग्यासाठी कुणी हा रॉड घेऊ नये. अर्धा किलोची चिलापी लागली तर कळतसुद्धा नाही. तिथे 6 नंबरचा एकहाती पुरे.

वेडर्स, म्हणजे पाण्यात उभं राहायच्या जलरोधक पँटी, मुलीकडच्याच वापरल्या, त्याबद्दल काही म्हणणं नाही. सामान मात्र तिथे पोहोचल्यावर निर्जंतुक करून घ्यावं लागलं. बाहेरच्या पाण्यातून आलेल्या रॉड-रिळांवरून गायरोडॅक्टिलस नावाचा परजीवी नदीत जाऊ नये म्हणून. प्रमाणपत्र हातात पडलं तेव्हा हिप्परग्याचा चिखल अखेर अधिकृतपणे संपला.

यंदाही जुलैची तिकिटं काढली होती. पण सॅल्मन परतलेच इतके कमी की 23 जून 2024 पासून नॉर्वेने 33 नद्यांवर मासेमारी बंद केली. गौला त्यातच. जावयाचा फोन आला, “बाबा, तरी या, नदी बघू.” निघण्याआधी हेड धुऊन, रिळावरून काढून, सैल वेटोळी करून खुंटीला टांगलंय. रॉड इथेच राहणार.