ऑस्टिन स्पेशल घ्यावी की फोर्ड?

इंग्लंडात स्थिरावलेल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांना जुन्या गाड्यांचं वेड आहे, त्यांच्यापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. एमजी आणि मॉर्गन या स्पोर्ट्स गाड्यांचे भाव बघून माणूस गपचूप जाहिरातींची पुढची पानं चाळायला लागतो आणि तिथे त्याला स्पेशल भेटतात. १९५० च्या दशकात कुणीतरी भंगारात निघालेली बंद टपाची मोटार उघडी केली, चासी (खालचा सांगाडा) धुऊनपुसून घेतली आणि वर स्वतःची दोन सीटची बॉडी चढवली, अशा या गाड्या. यातल्या बहुतेक दोनच घराण्यांतल्या निघतात : एक ऑस्टिन सेव्हन, दुसरं फोर्डचं ११७२ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन. मी दोन्ही चालवल्या आणि फोर्ड ठेवली. पण ऑस्टिनची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे, आणि तुमचं मत माझ्यापेक्षा वेगळं पडलं तर मला नवल वाटणार नाही.

अमेरिकन हॉट रॉड, म्हणजे तिकडची घरी फेरफार करून वेगवान केलेली गाडी, इथे धरलेली नाही. तिकडे १९३२ च्या फोर्डमध्ये ३.६ लिटरचं व्ही-एट (आठ सिलिंडरचं) इंजिन कारखान्यातूनच बसून यायचं, त्यामुळे पोरांना मडगार्ड काढून कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर गाडी पळवायचीच काय ती बाकी राहायची. इंग्लंडात मोटारीवरचा कर घोड्यांवर (अश्वशक्तीवर), आणि हे घोडे मोजताना सरकार फक्त सिलिंडरचा व्यास आणि संख्या बघणार. मग इंजिनं कशी झाली, तर अरुंद आणि लांब स्ट्रोकची. ११७२ इंजिनाच्या फोर्ड टेनचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६३.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९२.५. युद्धानंतर हा कर गेला, पण इंजिनं तीच राहिली, आणि स्पेशलवाल्यांच्या वाट्याला तीच आली.

आता ऑस्टिन. १९२२ ते १९३९ या काळात जवळपास २ लाख ९० हजार बनल्या. सर हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्वतःच्या घरच्या बिलियर्डच्या खोलीत स्टॅन्ली एज नावाच्या अठरा वर्षांच्या ड्राफ्ट्समनला बसवून ती आखली. चासी म्हणजे इंग्रजी ए अक्षरासारखी दोन पन्हळी, दोघांनी उचलून बाजूला ठेवावी इतकी हलकी. लोटस ही स्पोर्ट्स गाड्यांची कंपनी काढणाऱ्या कॉलिन चॅपमनने १९४८ मध्ये १९२८ च्या ऑस्टिनवर पहिली गाडी केली, तीच पुढे लोटसची पहिली धरली गेली. ब्रूस मॅक्लारेनने शर्यतीची सुरुवात न्यूझीलंडमध्ये केली ती अल्स्टरवर, म्हणजे ऑस्टिन सेव्हनच्या स्पोर्ट्स मॉडेलवर. वंशावळ म्हणाल तर यापुढे फोर्डवाल्यांनी बोलायचं काही कारण नाही. (तरी बोलतो : लोला या शर्यतीच्या गाड्या करणाऱ्या एरिक ब्रॉडलीची पहिली स्पेशल फोर्डच्या ११७२ इंजिनाची होती, आणि लोटस सिक्सलाही पुष्कळांनी हेच इंजिन घातलं.)

सुट्या भागांची चिंता ऑस्टिनला नाही. क्रँकपासून खिळ्यापर्यंत सगळं नव्याने बनवून मिळतं. युद्धपूर्व घडणीची असेल तर व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या चिखलातल्या ट्रायल्समध्ये (चढ चढवायच्या स्पर्धांमध्ये) तिचं स्वागत होतं; फोर्डच्या युद्धोत्तर स्पेशलला ते दार बंद. आणि चालवायला मजा? आहे, नक्कीच आहे. मागचे स्प्रिंगचे पाटे पाव-लंबवर्तुळी, त्यामुळे वळणावर बॉडी कलली की मागचा ॲक्सलही थोडा फिरतो. म्हणजे मागची चाकं तुम्हाला न विचारता आपलं स्टिअरिंग स्वतःच करतात. पहिल्यांदा पोटात गोळा येतो, मग हळूहळू आवडायला लागतं. ब्रेकबद्दल मी बोलणार नाही. १९३० च्या आधीच्या गाडीत पायाचा ब्रेक मागच्या चाकांना आणि हाताचा पुढच्या, एवढं सांगितलं की पुरे.

मग अडलं कुठे? क्लचवर.

ऑस्टिनचा क्लच ज्याने वापरलेला नाही त्याला हे पटवून सांगणं कठीण आहे. पेडल दाबायला लांब जात नाही आणि सोडताना तर जवळजवळ जातच नाही. मोकळा आणि पकडलेला यांच्या मधली जागा बोटाच्या पेरापेक्षाही कमी, आणि त्या जागेत बूट घातलेल्या पायाने नाजूकपणा करायचा. वर पेडल इतकी जवळजवळ की रुंद बूट चालतच नाहीत. माझ्या ओळखीचे एक निवृत्त टूलमेकर आहेत, त्यांनी त्यांची ऑस्टिन मला उन्हाळाभर वापरायला दिली आणि रीतही शिकवली : इंजिन आपल्या संथ चालीत ठेवायचं, पेडल हलकेच सोडायचं, गाडी हलली की मगच ॲक्सिलरेटरला पाय लावायचा. क्लच घसरवत नेणं हा प्रकारच नाही. सपाट रस्त्यावर ही रीत अगदी चोख चालते.

मी राहतो डर्बीशायरमध्ये. इथे सपाट रस्ता शोधावा लागतो. क्रॉमफर्डच्या बाजारातून वर चढणारी टेकडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना कल्पना येईल. दोन्ही बाजूंना घरं, एका कडेला उभ्या गाड्या, आणि समोरून बस आली की चढावर मध्येच थांबावं लागतं. तिथून ऑस्टिन काढायची म्हणजे संथ चालीत क्लच सोडला तर इंजिन बंद पडतं, आणि ॲक्सिलरेटर देऊन सोडला तर गाडी बेडकासारखी उडी मारते. मधला मार्ग आहे असं टूलमेकर म्हणतात, आणि त्यांना तो सापडलेला आहे हे मी शेजारच्या सीटवरून पाहिलंय. हँडब्रेक सोडताना त्यांचा डावा पाय हललेला दिसतही नाही. मला तो मार्ग कधीकधी सापडायचा. पण मागे दुधाची व्हॅन उभी असताना 'कधीकधी' पुरत नाही. बायकोने गावातल्या सिग्नलवर एकदाच प्रयत्न केला आणि खाली उतरून म्हणाली, "ही तू आणि तुझे ते आजोबा चालवा."

याला कुणी गाडीचा दोष म्हणणार नाही, म्हणूही नये. ज्याचा पाय हलका आहे आणि ज्याची गाडी रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावरच निघते, त्याला महिन्याभरात ही तक्रार आठवणारही नाही. मला मात्र अशी गाडी हवी होती की जी शनिवारी बाजारात नेता येईल आणि घरात दुसरं कुणी चालवू शकेल.

फोर्डचा क्लच साधा आहे. तुमच्या रोजच्या गाडीसारखा. एवढ्या एका गोष्टीसाठी मी फोर्डच्या बाकीच्या खोड्या पदरात घेतल्या, आणि त्या कमी नाहीत. गिअर तीनच, आणि दुसऱ्या-तिसऱ्यामध्ये मोठी दरी. चढावर दुसरा ओरडून ओरडून संपतो आणि टॉप अजून सुरूच होत नाही. त्या काळी रेडिंगच्या बकलर या कारखान्याने याच पेटीसाठी जवळजवळच्या दात्यांचे गिअर विकले. ते बसवलेली गाडी मिळाली तर सोडू नका. खरं सांगायचं तर ऑस्टिनच्या चार गिअरवाल्या पेटीतही टॉपच्या आधी फट आहेच, त्यामुळे या मुद्द्यावर दोघींना फार वेगळं काढता येत नाही.

पुढे-मागे दोन्हीकडे आडवे पाटे, त्यामुळे खडबडीत वळणावर बॉडी ॲक्सलवर आडवी सरकल्यासारखी वाटते. पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवं सरकू न देणारी सळई) बसवला की हे पुष्कळ आटोक्यात येतं. ब्रेक फोर्डचेही यांत्रिकच, सळ्यांचे. फोर्डचं पॉप्युलर हे मॉडेल १९५९ पर्यंत तसेच ब्रेक घेऊन विकलं गेलं. आणि फोर्डचा वायपर! तो इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि वायपर काचेच्या मध्यावर थबकतो. पावसात टेकडी चढताना मी क्षणभर पाय उचलतो, वायपर एक फेरी मारतो, मी पुन्हा पाय देतो. याची सवय होते. क्लचची मला झाली नाही.

त्या बदल्यात इंजिन मिळतं ३० घोड्यांचं. ऑस्टिनचं उशिराचं इंजिन १७ च्या आसपास. कागदावर दोन्ही आकडे हास्यास्पदच, पण रस्त्यावर फरक असा की फोर्डमध्ये मागच्या लॉरीचा विचार सतत करावा लागत नाही. लांबीही जास्त : व्हीलबेस ९० इंच, ऑस्टिनची ७५ किंवा ८१. पाय पसरता येतात. बसायला मात्र उंच वाटतं, कारण माणूस चासीत बसत नाही, चासीवर बसतो. दिसायला ऑस्टिनच सुंदर, यात वाद नाही. फोर्डवर बहुतेक वेळा अ‍ॅशली किंवा फाल्कन या कंपन्यांची फायबरग्लासची बॉडी असते, आणि दरवाजे त्या काळच्या मालकाने करवतीने स्वतःच कापलेले असतात. माझ्या गाडीचा डावा दरवाजा उजव्यापेक्षा बोटभर मोठा आहे.

बघायला जाल तेव्हा बॉडीच्या आधी रेडिएटर बघा. दोन्ही इंजिनांना मुळात पाण्याचा पंप नाही. गरम पाणी आपोआप वर चढतं, थंड खाली उतरतं, एवढ्यावर सगळं चालतं. स्पेशलवाल्यांनी बॉनेट बसकं दिसावं म्हणून रेडिएटर खाली घेतला की हा हिशोब बिघडतो आणि गाडी ट्रॅफिकमध्ये उकळते. फोर्डला पंप जोडून दिलेला असेल तर आधीच्या मालकाला कळत होतं असं समजा. ऑस्टिन असेल तर १९३६ नंतरचं, मधल्या बेअरिंगचं इंजिन आहे का ते विचारा. आधीच्या क्रँकला दोनच बेअरिंग, आणि ती क्रँक लवते. व्हाइट मेटल (बेअरिंगमधला मऊ धातू) पुन्हा ओतून घेण्याचा खर्च दोन्हीकडे बसू शकतो, त्यामुळे तेल गरम झाल्यावर खालून येणारा ठोका नीट ऐका.

मग कागद. लॉगबुकवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) १९३८ आणि बॉडी १९५८ ची, हे चालतं. चासीचा नंबर जुळत नसेल तर गाडी कितीही आवडली तरी चहा पिऊन परत या. ४० वर्षांवरच्या गाडीला इथे एमओटी (दरवर्षीची सक्तीची तपासणी) माफ आहे, पण गेल्या तीस वर्षांत मोठे फेरफार झालेले नसले तरच. स्पेशलच्या बाबतीत तो वाद घालत बसण्यापेक्षा मी दरवर्षी तपासणी करूनच घेतो. हे सगळं कधीतरी आपल्याकडे, पुण्या-कोल्हापुरात करू असं मनात असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा. निर्मात्याच्या मूळ घडणीत फेरफार तिथे चालत नाही, आरटीओच्या दारातच काम अडेल.

किमतीत फोर्ड स्वस्त पडते, निदान मी शोधत होतो तेव्हा बऱ्यापैकी स्वस्त पडत होती, कारण नावाचे पैसे ऑस्टिनला लागतात. तुम्ही नॉरफोक किंवा लिंकनशायरच्या सपाटीवर राहत असाल तर माझं निम्मं म्हणणं बाजूला ठेवा आणि ऑस्टिन बघून या. पण घराबाहेर पडताच पहिला चढ लागत असेल, तर व्यवहाराआधी मालकाला म्हणा की गाडी चढावर उभी करून मला तिथून काढू द्या. अरुंद बूट घालून जा.